चाकाला कल्हई

टायर झिजतो म्हणून पिसाळांच्या घरात चूल पेटते, हे मी लग्न होऊन आले त्याच वर्षी शिकले. माझे मालक कराड-चिपळूण रस्त्यावर, पाटणच्या पुढं, पंक्चर काढायचे. पंक्चर त्यांनी काढली, कारखाना मी काढला. ‘शेवंता रिमोल्ड’ ही पाटी घाटाकडं जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ आहे. झिजून गोटा झालेला टायर आणून टाकायचा. आम्ही त्याचा झिजलेला तळ घासून काढायचा, नवा चिकटवायचा, भट्टीत शिजवायचा. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत तो पुन्हा घाट चढायला तयार. शाळा माझी चौथीत सुटली. तोंड मात्र त्याच्याही आधी सुटलेलं होतं, आणि कारखाना त्याच्यावरच चालला.

डिझेल जाऊन बॅटरीचे ट्रक आले तेव्हा पंपवाले रडले, गॅरेजवाले रडले. मी पेढे वाटले. बॅटरीचा ट्रक म्हणजे गाभण म्हैस. अंगानं दांडगी, आणि पाय दाबला की एकदम उसळी घेणार. सगळा मार टायरवर. जो टायर पूर्वी दोन वर्षं जायचा, तो वर्षात गोटा व्हायला लागला. माझी भट्टी विझायचं नाव घेईना. वाडीतल्या निम्म्या घरांच्या चुली त्या एका भट्टीवर.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या दिगंबरनं लग्न केलं, ते न झिजणारा टायर शोधणाऱ्या पोरीशी.

कौमुदी तिचं नाव. येवल्याकडची. रबराच्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर होती. काटकुळी, चष्मेवाली, बोलणं मोजकं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ही पहिल्या दिवशी घाबरून मला ‘मॅडम’ म्हणाली.

“मॅडम बँकेत असते,” मी म्हटलं. “हितं आत्या.”

“बरं, आत्या.”

“आणि तू काय करतीस म्हणे?”

“टायर. न झिजणारा.”

दिगंबरनं छताकडं बघितलं. माझ्या पोटी जन्मून हा पोरगा इतका गरीब कसा निघाला, देव जाणे. पण तिच्या तोंडावर सांगायची हिंमत मला आवडली. आवडली, हे मी तिला कळू दिलं नाही. मागची शेड तिला मोकळी करून दिली.

एका उन्हाळ्यात मी शेवया वाळत घालत होते. कौमुदी शेजारी येऊन बसली आणि एक ओली शेवई उचलून म्हणाली, “आत्या, रबर म्हणजे हेच. लांबच लांब शेवयांचा गुंता. कच्च्या रबरात त्या एकमेकींवरून सरकतात, म्हणून ते चिकट आणि मऊ. गंधक घालून शिजवलं की जागोजागी गाठी बसतात. म्हणून टायर कितीही दाबला तरी परत जागेवर येतो.”

“गंधकाचा वास माझ्या पदराला हाय. पुढचं बोल.”

“गंधकाची गाठ एकदा बसली की सुटत नाही. म्हणून झिजलेला टायर वितळवून पुन्हा टायर होत नाही. माझ्या गाठी वेगळ्या. तापल्या की सुटतात, आणि शेजारणीचा हात धरून परत बसतात. कापलं, चिरलं, तरी चालता चालता टायर तापतो त्या उष्णतेनं जखम भरून येते.”

ती मला शेडमध्ये घेऊन गेली. एका गरम टायरात तिनं माझ्यासमोर बोटाएवढा खिळा ठोकला, उपटला, आणि चहा पिऊन होईपर्यंत थांबायला सांगितलं. कप खाली ठेवून मी बोट फिरवलं. भोक नव्हतं. लहान पोराच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं भरून यावं तसं ते भरून आलं होतं.

“झकास,” मी म्हटलं. “आता मी काय करू? भजी तळू?”

ती हसली नाही. “आत्या, टायर झिजतो म्हणजे जातो कुठं?”

“कुठं म्हणजे? रस्त्यावर.”

“आणि रस्त्यावरून?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं खालच्या ओढ्याच्या पाण्यानं भरलेली बाटली दाखवली. तळाशी काळा गाळ. रबर हवेनं तडकू नये म्हणून त्यात एक औषध घालतात. झिजलेल्या धुळीबरोबर ते पाण्यात उतरतं आणि माशाला विष होतं, असं ती म्हणाली. लग्न होऊन आले तेव्हा त्याच ओढ्यात मी पदर धरून मासे पकडले होते. कैक वर्षांत तिथं शेपूट हललेली दिसली नव्हती. मी तेव्हा काही बोलले नाही. मी बोलत नाही म्हणजे मला लागलेलं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

टायर तर झाला. घोडं अडलं किमतीशी.

“टायरला तीन गोष्टी लागतात,” कौमुदी सांगायची. “टिकणं, रस्ता धरणं आणि हलकं पळणं. कडक रबर टिकतं, पण ओल्या रस्त्यावर घसरतं. मऊ रबर धरून चालतं, पण झिजतं आणि बॅटरी पितं. तिन्ही एकत्र साधायचं तर मसाला फार महाग पडतो.”

“तीन दगडांची चूल हाय ही. एक दगड उंच केला की तवा कलंडणार.”

“आणि किंमत हा चौथा दगड.”

“चुलीला चौथा दगड नसतो गं. किंमत म्हणजे सरपण. ते परवडत नसलं तर दगड कितीही नीट मांडा, भाकरी कच्चीच.”

माझा जुना ड्रायव्हर इलाही मुजावर तिथंच उभा होता. माझी पहिली गाडी त्यानंच चालवली, आणि अजून तोच चालवतो. त्यानं टायरवरून हात फिरवला, किंमत ऐकली आणि कौमुदीकडं बघत हात झटकन मागं घेतला. “वैनी, माल एक नंबर. खरं, हे चार टायर घेतले तर ट्रक विकाय लागंल. मग टायर घालू कशाला? माझ्या कमरेला?”

सगळे ड्रायव्हर असंच बोलून गेले. टायर त्यांच्या नातवंडांपर्यंत टिकला असता. पण नातवंडांचा टायर आजोबानं आज कशानं घ्यायचा?

मग शहरातून एका मोठ्या कंपनीचे सायगावकर साहेब आले. गोरेगोमटे, बोलणं तुपातलं.

“आम्ही हा टायर विकणारच नाही आजी. वापरायला देणार. जेवढं अंतर, तेवढे पैसे. गाठी जरा घट्ट करू, नुसत्या चालण्यानं सुटणार नाहीत अशा. आत बारीक तारा घालू. तारा तापल्या की जखम भरेल. तारांचं बटण आमच्याकडे.”

“आणि ड्रायव्हरला एखाद्या महिन्यात पैसे द्यायला जमले न्हाईत तर?”

“तर तारा तापणार नाहीत. बाकी टायर चालेल.”

“म्हणजे औषध तुमच्या खिशात आणि जखम त्याच्या पायाला.”

साहेब हसले. कौमुदी मात्र खाली बघत होती. तिनं होकार दिलेला होता. सही दसऱ्याला करायची ठरली होती.

“इथं कुणी घेणार नाही आत्या,” साहेब गेल्यावर ती म्हणाली. “तिकडं निदान रस्त्यावर तरी येईल. धूळ कमी होईल. मी सात वर्षं ह्याच्यावर घातलीत, शेडमध्ये ठेवून त्याची पूजा करू का?”

तो टायर कंपनीकडून रस्त्यावर आला असता तर माझी भट्टी गेलीच असती. न झिजणाऱ्याला रिमोल्ड कोण करतंय? पण मला त्याहून झोंबलं ते वेगळंच. पिसाळांच्या शेडमध्ये जन्मलेली वस्तू पिसाळांच्या गाडीला न लागता परक्याच्या दारात जाणार?

मी सगळ्यांसमोर बोलले. “दसऱ्याला माझ्या ट्रकला तुझे टायर. भरलेल्या मालासकट कुंभार्ली घाट उतरायचा. खाली पोफळीला धड पोचलो तर खुशाल सही कर, माझी भट्टी मी माझ्या हातानं विझवते. न्हाई पोचलो तर हे खूळ सोडायचं, आणि माझ्या भट्टीवर माझ्या शेजारी बसायचं. हाय कबूल?”

दिगंबर म्हणाला, “आई, अगं...”

“कबूल,” कौमुदी म्हणाली.

नवरात्रात ती कागदपत्रांसाठी पुण्याला गेली. तिचे टायर चढवलेला ट्रक माझ्या अंगणात उभा. आता, माझ्या दारातली गाडी खंडेनवमीला पुजली जाते ती नवरीसारखी. टायर असे काळेभोर चमकले पाहिजेत की बघणाऱ्यानं त्यात कुंकू लावावं. पूर्वी आम्ही इंजिनचं जळकं तेल चोळायचो. इंजिनं गेली, तेल गेलं. तेव्हापासून मी घाण्याचं एरंडेल उकळते, त्यात काजळी कालवते आणि कोमट असतानाच फडक्यानं चोळते. घटस्थापनेपासून खंडेनवमीपर्यंत, रोज. पैजेत टायर हरावा असं मला वाटत होतं, हे खरं. पण हरणाऱ्या पैलवानालासुद्धा आखाड्यात तेल लावूनच उतरवतात. परत आल्यावर कौमुदीनं चमकणारे टायर बघितले. तिला वाटलं, धुतले असतील.

दसऱ्याला सकाळी आम्ही निघालो. इलाही गाडीवर, मधे कौमुदी, खिडकीशी मी. मागं सायगावकरांची मोटार. सणाचं म्हणून इलाहीनं घाटमाथ्याजवळ, हेळवाकला बॅटरी काठोकाठ भरून घेतली, आणि तिथंच घोटाळा झाला. एरवी उतारावर ट्रक आपलाच वेग गिळून बॅटरीत घालतो, ब्रेकला कामच पडत नाही. बॅटरी भरलेली असली की गिळणार कुठं? सगळा भार ब्रेकवर आला. चाकं तापली.

तिसऱ्या वळणावर फाडकन आवाज झाला. मग फटफट, फटफट, जसं ओलं धुणं दगडावर आपटावं.

“आक्का, धरून बसा!” इलाही ओरडला.

आरशात मला दिसलं, मागच्या चाकावरनं काळी पट्टी सुटून हवेत नाचत होती. कौमुदीनं माझा हात पकडला. इतका घट्ट, की माझी एक बांगडी वाढली. एका बाजूला दरी, दुसरीकडं कातळ. इलाहीनं शिव्या देत, बिस्मिल्ला म्हणत, गाडी कातळाच्या अंगाला घेतली, दोन झुडपं मोडली आणि थांबवली.

दरीतून वारा तेवढा वर येत होता.

आम्ही उतरलो. टायरचा सगळा तळ साय निघावी तसा सलग निघाला होता. एकाचाच नाही, चारही मागच्या टायरांचा. कौमुदी खाली बसली. चष्मा काढून पुसत राहिली, काच कोरडी असताना. सायगावकर मोटारीतून उतरले, वाकले, पट्टीला बोट लावून वास घेतला.

“तेल आहे हे. कुणी लावलं?”

“मी,” मी म्हटलं. “माझ्या हातानं. रोज.”

साहेबांच्या तोंडावरचं तूप गोठलं. “आजी, भट्टी वाचवायला मुद्दाम केलंत तुम्ही.”

मी तोंड उघडणार एवढ्यात कौमुदी उठली. “साहेब, आत्या मुद्दाम करतात तेव्हा आधी सांगून करतात.”

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ ऐकवलं. एवढं मोठं कौतुक कुणी केलं नव्हतं.

इलाही चाकापाशी वाकून बघत होता. त्यानं उघड्या पडलेल्या टायरावर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, “आक्का, भांडं शाबूत हाय बघा. निस्ती कल्हई गेली.”

कौमुदीनं मान वळवली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. ती परत खाली बसली. ह्या वेळी हातात टॉर्च घेऊन.

“आत्या, तेल कुठलं?”

“एरंडेल. घाण्याचं.”

“गरम?”

“उकळून. कोमट असताना चोळलं.”

ती हसायला लागली. घाटात, मोडक्या झुडपात बसून, वेड्यासारखी. “अहो, एरंडेलाच्या अंगाला गाठ पकडणारे हात असतात! तापल्यावर माझ्या गाठी सुटल्या, परत शेजारणीला धरायला गेल्या, तर मधे तुमचं तेल हात पुढं करून उभं. जिथवर तेल मुरलं तिथवर सगळं मोकळं. खाली टायरच्या पोलादी तारांचा पदर आहे, तिथं तेल अडलं. बघा ना, सांगाडा किती स्वच्छ सुटलाय! तुमच्या कारखान्यात हेच काढायला घासावं लागतं, धूळ उडते.”

“हे घाटात सुटलं गं बाई. माणसं मेली असती.”

“घाटात सुटणार नाही अशी गाठ मी बसवीन. ब्रेकच्या उष्णतेला दाद देणार नाही, फक्त भट्टीला देईल. पण आत्या, कल्हई! पितळेचं भांडं एकदाच घ्यायचं. ते महाग असतं, पण तीन पिढ्या जातं. कल्हई स्वस्त, ती दरवर्षी. मी वेड्यासारखं अख्खं भांडंच कल्हईचं करत होते. महाग मसाला फक्त सांगाड्याला आणि जोडाला पुरे. वर स्वस्त, रस्ता धरणारा तळ. तो वर्षभरच टिकवायचा.”

“वर्षभरच टिकवायचा,” मी सावकाश म्हटलं, “तर तडकू नये म्हणून ते माशाचं विष तरी कशाला घालायचं?”

तिनं टॉर्च बंद केला. “नाहीच घालायचं.”

सायगावकर घड्याळ बघत होते. “ताई, सहीचा मुहूर्त...”

“पेन खिशात ठेवा साहेब,” कौमुदी म्हणाली. “मी पैज हरलेय. ठरल्याप्रमाणे मला भट्टीवर आत्यांच्या शेजारी बसायचंय.”

बसली ती. आणि बसून मला जो ताप दिला, तो सांगण्यापलीकडचा. पहिली गाठ इतकी घट्ट झाली की भट्टीतसुद्धा सुटेना. दुसरी सुटली, पण नवा तळ धरेना. तिसऱ्या वेळी तिनं माझं एरंडेल नको म्हणून कुठलंसं बाटलीतलं मागवलं, आणि वास असा सुटला की शेजारच्या म्हशी दुधाला आटल्या. आम्ही भांडलो. मी तिला शहाणी म्हटलं, ती मला हट्टी म्हणाली. दोघीही खरं बोलत होतो. दिगंबर दोघींना वेगवेगळा चहा नेऊन द्यायचा. मग एका दुपारी तिनं मला हाक मारली, ओरडून, माझ्याच सुरात. भट्टीचं दार उघडं होतं. माझंच एरंडेल लावलेला जुना तळ केळ्याचं साल निघावं तसा निघून पडला होता. तो तिनं वितळवून, झिजलं तेवढी भर घालून साच्यात घातला, आणि त्याचाच नवा तळ त्याच सांगाड्यावर बसला. घासणं नाही, गोंद नाही, राईएवढी धूळ नाही.

किंमत काढली. इलाहीनं ऐकली, आणि ह्या वेळी टायरवरचा हात काढला नाही. “हे जमतंय,” म्हणाला. “एकदा भांडं घ्यायचं, मग वर्षाची कल्हई. माझ्या बापालाबी कळलं असतं.”

परत घाट. तोच ट्रक, तोच माल, बॅटरी मुद्दाम काठोकाठ भरलेली, टायरांना मुद्दाम एरंडेल. कौमुदी मधे, मी खिडकीशी. ब्रेकचा वास नाकात बसला. तिसरं वळण आलं तेव्हा आम्ही तिघांनी श्वास धरला. वळण गेलं. मग चौथं गेलं. मग इलाही शीळ घालायला लागला, आणि मी त्याला गप्प बस म्हटलं नाही. पोफळीला उतरून मी प्रत्येक चाकाला हात लावला. गरम होती, धडधाकट होती. टपरीवर चहा सांगितला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी बशी सुनेपुढं सरकवली.

त्यानंतर आमच्या रस्त्यावरचे सगळे रिमोल्डवाले शिकायला आले. आमची ती विद्या आम्ही कुलपात ठेवली नाही. कौमुदीचं म्हणणं होतं की घाटोघाट कल्हईवाले झाले तरच ड्रायव्हरला परवडेल. माझी एकच अट. शिकायला येणाऱ्यानं अंगणातून आत येताना चप्पल काढायची आणि तिला बाई म्हणायचं.

पुढल्या खंडेनवमीला आमच्या अंगणापासून रस्त्यापर्यंत ट्रकांची रांग लागली होती. आता ड्रायव्हर खंडेनवमीलाच तळ बदलतात. आधी एरंडेल चोळायचं, कुंकू लावायचं, मग भट्टी. रांगेत एका मोठ्या कंपनीचा मालवाहू ट्रक होता, आणि त्याच्याशेजारी सायगावकर.

“आजी, आमचं जरा लवकर झालं तर...”

“साहेब, रांग. आणि आजी तुमच्या घरी. हितं आक्का.”

मी आत गेले. जुनी भट्टी धगधगत होती. नवं काम शेजारच्या छोट्या विजेच्या भट्टीत होणार होतं. जुनीचं काम संपलं होतं, पण तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी घागर उचलली.

कौमुदी धावत आली. “आत्या, राहू द्या ना. पैज तर मी हरले होते.”

“पोफळीला पोचलो तर विझवते म्हटलं होतं. पोचलो का न्हाई?”

“पोचलो.”

“मग? कितव्या खेपेला पोचायचं, ते कुठं ठरलं होतं?”

मी घागर ओतली. एवढी मोठी वाफ उठली की पत्र्याखाली कुणी कुणाला दिसेना. वाडीच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. वाफ विरली तेव्हा माझ्या पायाशी काळं पाणी होतं, आणि समोर कौमुदी, चष्म्यावर धुकं घेऊन, नव्या भट्टीच्या बटणावर बोट ठेवून उभी. माझ्या हुकमाची वाट बघत.

मी एरंडेलाची वाटी तिच्या दुसऱ्या हातात दिली.

“पहिल्या टायरला तू चोळ. नीट चोळ. माझ्या दारातली गाडी जाते ती...”

“नवरीसारखी. माहीत आहे, आत्या.”

“माहीत हाय तर दाब बटण,” मी म्हटलं, आणि सगळ्यांकडं वळले. “आणि तुम्ही बघताय काय? उतरवा टायर!”